घाऱ्याचा खुंटा

तुळशीरामाचं एक वागणं गुणाबाईला चौदा वर्षं खुपत होतं. दीर म्हणून रोज दुपारी चहाला यायचा, ते ठीक. साखर कमी पडली की सुनेला तोंडावर सांगायचा, तेही ठीक. पण ओट्यावर बसायच्या आधी खुर्ची उचलून फिरवायचा आणि गोठ्याकडं पाठ करून बसायचा. समोर काय, तर गोडाऊनची पत्र्याची भिंत. तिच्यावर ना झाड, ना चित्र, ना माणूस. ती भिंत बघत हा बाबा चहा प्यायचा आणि मागं एखादी शेळी ओरडली की उरलेला अर्धा कप तसाच ठेवून उठायचा.

"माझ्या शेळ्यांना देवी आल्यात काय रं?" गुणाबाई ऐकवायची. "नारपोलीवरनं मानसं रिक्षा करून बघायला येतात, आनि घरचा मानूस पाठ दाखवतो."

"वैनी, वास येतो," तुळशीराम म्हणायचा.

वास! गुणाबाई या घरात लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि याच गोठ्यात करडांच्या अंगावर हात टाकून झोपायचा. त्याला आता साठीत वास यायला लागला. गुणाबाईनं कितीदा तरी तोंडावर बोलून दाखवलं, पण खुर्चीचं तोंड काही वळलं नाही.

माणसं रिक्षा करून येत, ही काही थाप नव्हती. गुणाबाईची शाळा दुसरीत सुटलेली. सही थोरल्या मुलानं शिकवली तेव्हा आली. पण शेळी पुढ्यात उभी केली की तिच्या चार पिढ्या सांगायची. नारपोलीत कारखान्याच्या गच्चीवर, निजामपुऱ्यात जिन्याखाली लोक हौसेनं शेळ्या पाळतात. कुठं राजस्थानातून आलेला बोकड, कुठं इथलीच गावठी शेळी, सगळी सरमिसळ. विकणारा अस्सल म्हणून गळ्यात मारतो आणि चार महिन्यांनी घेणाऱ्याच्या मनात शंका येते. मग ती शंका आणि शेळी, दोन्ही रिक्षात घालून तो दापोड्याला गुणाबाईच्या दारात.

ती आधी डोळे मिटायची. रंगाला ती मोजतच नसे. रंग बघून गिऱ्हाईक फसतं, मी काय गिऱ्हाईक हाय काय, म्हणायची. कान धरून नाकावर ओढायची. नाकाच्या टोकापुढं गेला तर जमनापारीचं रक्त, नाकापाशी अडला तर सिरोही, तिथवर पोचलाच नाही तर गावठी. मग नाकाचं हाड चाचपायची, पोपटाच्या चोचीसारखं वाकलंय की सरळ. मागच्या मांडीवर लांब केस आहेत का. शेवटी शेळीला एकदा ओरडायला लावायची आणि डोळे उघडून निकाल द्यायची: "बारा आने गावठी, चार आने सिरोही. अस्सल म्हून ज्यानं दिली, त्याला माझं नाव सांग." त्यावर वाद नसे. वाद घालणाऱ्याला ती शेळीसकट अंगणाबाहेर काढायची.

गोठ्यात शेळ्या अकरा होत्या आणि खुंटे बारा.

बारावा खुंटा मागच्या भिंतीपाशी, कोपऱ्यात. त्याला दोरी बांधलेली. दरवर्षी आषाढात गुणाबाई ती दोरी बदलायची, पण शेळी कधी बांधली नाही. शेळ्याही तिकडं जात नसत. पावसात कौलं गळायला लागली की सगळ्या एकमेकींच्या अंगावर चढून उभ्या राहत, पण त्या कोपऱ्यात कुणी खूर टाकत नसे. तिथली जमीन बारा महिने ओली.

"आई, वैशाखात कुठून येतं हो पाणी?" सून उन्नती एकदा झाडू हातात धरून लांबूनच विचारत होती.

"खाडी झिरपते," गुणाबाई म्हणाली. खाडी आणि गोठा यांच्यामध्ये आता दोन पुरुष उंचीचा मुरुमाचा भराव होता आणि त्यावर गोडाऊन, हे तिलाही दिसत होतं.

तो खुंटा घाऱ्याचा. आणि घाऱ्या दामूचा.

दामू धाकटा मुलगा. थोरला शिकला, कंपनीत लागला. दामूचं मन शेळ्यांत. घाऱ्याला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवला, कारण आई व्याली त्याच दिवशी मेली. आई गावठी, बाप जमनापारीच्या मिश्रणातला. पण बोकड असा निघाला की गुणाबाईनंही दोन्ही हात लावून बघितला. उजवा डोळा घारा, डावा काळाभोर. काही शेळ्यांच्या गळ्याखाली मांसाची दोन बोंडं लोंबतात. याला एकच होतं, तेही गळ्याला नाही, डाव्या कानाखाली, डूल घातल्यासारखं. आणि ओरडला की आवाज मधेच तुटायचा. अर्धा वर जायचा, क्षणभर काहीच नाही, मग उरलेला अर्धा खाली यायचा. असा आवाज दुसऱ्या कुठल्या बोकडाचा तिनं ऐकला नव्हता.

तसा आवाज काढणारा दुसरा एकच, दामू. अंगणाच्या एका टोकाला दामू, दुसऱ्या टोकाला घाऱ्या, दोघं एकमेकांना ओ देत. सगळ्या तालुक्याला जात सांगणारी गुणाबाई त्यात दोनदा फसली होती. चारा टाकायला म्हणून आवाजाच्या मागं गेली आणि भिंतीआड दामू दात काढत उभा. "मेल्या, आईला फसवतोस!" तिनं टोपलीच फेकून मारली होती.

चौदा वर्षांपूर्वी गटारीच्या आदल्या दिवशी घाऱ्या खुंट्यावर नव्हता. अमावास्येला घरोघरी मटण शिजतं, त्यामुळं त्या दिवसांत मोकळा बोकड परत येत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. दामू सकाळपासून हिंडला. दुपारी भिजून घरी आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "आये, भात वाढ. खाऊन परत जातो."

गुणाबाई चुलीपाशी होती. तिची जीभ कधी तिला विचारून हलली नव्हती. "भात? गटारीच्या तोंडावर बोकडाला वाऱ्यावर सोडलास नि भात मागतोस? कुनाच्या टोपात जायच्या आत आन त्याला. घाऱ्याला घेतल्याबिगर उंबरा चढू नको!"

दामूचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. तो त्यानं मागं घेतला.

गल्लीच्या तोंडाला तुळशीराम भेटला. तो म्हणाला, मी बघितला घाऱ्याला, बांधाकडं गेला, उघाडीच्या अंगाला. खाडीच्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार असतं, ती उघाडी. दामू तिकडं पळाला. अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं. त्या दुपारी उघाडी फुटली. तिसऱ्या दिवशी दामू खाडीकाठच्या तिवरांत सापडला, दोरी मनगटाला तीन वेढे गुंडाळलेली. बोकड सापडला नाही. सगळे म्हणाले, बोकड पाण्यात गेला, पोरगा त्याच्यामागं गेला.

त्यानंतर उधाण भरलं की बांधाकडून आवाज यायचा. मधेच तुटणारा. अर्धा वर, मग काहीच नाही, मग उरलेला अर्धा. ते ऐकलं की अकराही शेळ्या उठून उभ्या राहत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुढं बांध गेला, भराव पडला, गोडाऊन उभं राहिलं. आवाज पत्र्यामागून यायला लागला. उन्नतीनं एकदा ऐकला आणि घाईघाईनं म्हणाली, "कंटेनरचा हॉर्न असेल." गुणाबाईनं तिला समजावत बसायचं कारण नव्हतं. तिला आवाज ओळखता येत होता. घाऱ्या होता तो. पाण्यात मेला आणि अजून ओरडतोय. "मेल्या, माझ्या पोराला घेऊन बुडलास, आता कुनाला बोलावतोस?" ती पत्र्याकडं बघून शिव्या मोजायची. उंबऱ्याशी ती काय बोलली होती, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. भात वाढताना रोज ते तिच्या कानात यायचं, आणि पहिला घास जड जायचा, इतकंच.

यंदा गटारीच्या आदल्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, दारात रिक्षा थांबली. एक कॉलेजातली मुलगी उतरली. मांडीवर चार महिन्यांचा बोकड, त्याच्या गळ्यात जुन्या स्वेटरची बाही.

"सलाम, आजी. मी अफीफा. निजामपुऱ्याहून. दादीनं पाठवलंय, जुबैदा. हसन सेठच्या घरची."

"हसन सेठ? आमचा तुळशीराम ज्याच्या कारखान्यात मुकादम व्हता, तो?"

"हां, तेच माझे दादा, म्हणजे आजोबा. आता नाहीत ते. कापड विणायच्या लूम पण विकून टाकल्या. शेळ्या तेवढ्या दादीनं ठेवल्यात." तिनं बोकडाला खाली ठेवलं. "हा मखाणा. याची जात पायजे."

"जात याची पायजे का तुला भांडायला पायजे?"

मुलगी हसली. "दोन्ही. हमजा, माझा भाई, बोलतो प्युअर सोजत आहे. त्यानं फोटो ग्रुपवर पण टाकला. फोनवर एक ॲप आहे, ते बोलतं बोअर, बासष्ट टक्के. आणि डॉक्टर बोलला, मिक्स लिही आणि सोड."

"फोनानं कान ओढून बघितला काय?"

"तेच तर! प्युअर निघाला तर भाई पुढच्या ईदला कुणाला तरी देणार. मिक्स असला तर माझ्याकडंच राहणार, असं ठरलंय."

"म्हंजे तुला मिक्स पायजे."

अफीफानं खाली बघितलं. "तुम्ही सांगाल ते."

"मी खोटी जात सांगत न्हाय. तुला पायजे म्हून पन न्हाय. धर त्याला."

गुणाबाईनं पाटावर बैठक मारली आणि डोळे मिटले. कान ओढला. नाकाच्या टोकापुढं बोटभर गेला. "जमनापारी हाय, पन लांबचं. आजा-पणज्याकडनं." नाकाचं हाड चाचपलं. पायाची नळी मोजली. "खूर गावठी. चिखलात चालनारा. पाठीवरचा केस सिरोहीचा, तो आईकडचा." बोटं मानेवर आली. गळ्याखाली काही नव्हतं. मग डाव्या कानाखाली गेली आणि तिथंच थांबली.

एक मऊ बोंड. डूल घातल्यासारखं. उजव्या कानाखाली काही नाही. तिनं पुन्हा चाचपलं. दोनदा. मग डोळे उघडले.

बोकडाचा उजवा डोळा घारा होता. डावा काळाभोर.

"वरडायला लाव त्याला," गुणाबाई म्हणाली.

अफीफानं शेपटीशी हळूच चिमटा काढला. मखाणा ओरडला. अर्धा वर गेला. क्षणभर काहीच नाही. मग उरलेला अर्धा खाली आला.

गोठ्यात अकरा शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"जन्मापासून असंच," अफीफा हसत म्हणाली. "भाई बोलतो, याचा सायलेन्सर खराब आहे." तिचा हात सैल झाला तसा मखाणा सुटला, अंगण ओलांडून सरळ गोठ्यात शिरला. शेळ्या दोन बाजूंना सरकल्या. तो मागच्या कोपऱ्यात गेला, बाराव्या खुंट्याची दोरी हुंगली आणि ओल्या जमिनीवर पाय दुमडून बसला. दारातून बघणाऱ्या उन्नतीच्या हातातलं भांडं निसटलं.

"याचा बाप कोन?" गुणाबाईनं विचारलं.

"घरचाच."

"त्याचा?"

"तो पण घरचाच. दादी बोकड बाहेरून नाही आणत. पयला जो होता ना, मोठा, त्याचीच सगळी औलाद. मी लहान असताना त्याच्या पाठीवर बसायची. त्याला आम्ही शीशा म्हणायचो, एक डोळा काचेसारखा होता म्हणून."

"फोन लाव तुझ्या दादीला."

जुबैदाचा आवाज फोनमधून खणखणीत आला. "गुणाबाय? किती दिवसांनी आवाज ऐकला ग! आणि तू कसली जात विचारतेस? तुझ्याच घरचा ना तो? तुलाच माहीत पाहिजे."

"माझ्या घरचा?"

"नाही तर काय! तुळशीरामनं आणला होता. गोणपाटात गुंडाळून, टेम्पोतून. म्हणाला, वैनीनं खुशीनं पाठवलाय सेठसाठी. ह्यांना तो किती दिवसांपासून आवडला होता. त्याच महिन्यात तर ह्यांनी तुळशीरामला लूमवरून काढून मुकादम केला. मी बदल्यात तुला हिरवी साडी पाठवली होती, मोठ्या जरीची. मिळाली ना? तुझा पोरगा गेला त्याच दिवसांत, म्हणून मी पुन्हा कधी विचारलं नाही."

मोठ्या जरीची हिरवी साडी गुणाबाईनं बघितली होती. तुळशीरामाच्या बायकोच्या अंगावर, जानकीबाईच्या, त्या वर्षीच्या गौरीला. कारखान्यातून मिळाली, म्हणाली होती ती. गुणाबाईनं पदर हातात घेऊन पोत बघितला होता आणि चांगला आहे म्हणून सांगितलं होतं.

"कवा आनला त्यानं बोकड?" गुणाबाईनं विचारलं. "दिवस सांग."

"गटारीच्या आदल्या दिवशी. सकाळीच. मला आठवतं, कारण कारखान्यातले पोरगे त्याच्याकडं बघून जिभा चाटत होते आणि मी त्याला वरती गच्चीवर नेऊन बांधला. कापू नाही दिला ग. ह्यांनी बोट लावू नाही दिलं. नऊ वर्षं जगला. म्हातारा झाला, दात पडले, मी भिजवलेली रोटी भरवायची. झोपेत गेला."

"बरं," गुणाबाई म्हणाली. "बरं केलंस."

फोन बंद झाला. तुळशीरामानं बोकड चोरला, हे तिला कळलं होतं, आणि तो राग यायचा तेव्हा येणार होता. पण त्याच्या आधी दुसरंच काही तरी पायांकडून वर चढत होतं. घाऱ्या गच्चीवर होता. कोरडा. नऊ वर्षं रोटी खात होता. पाण्यात गेलाच नाही.

मग उधाणाला ओरडत होतं ते कोण?

दोनदा फसले होते मी, तिला आठवलं. दोनदाच नाही. चौदा वर्षं. ज्याला शिव्या घातल्या तो बोकड नव्हता. पोरगं होतं. ते अजून बोकड शोधत होतं, त्याला बोलवायचं तसंच बोलवत, कारण तिनं सांगितलं होतं, त्याला घेतल्याबिगर उंबरा चढू नको.

"आजी?" अफीफा जवळ आली होती. "जात?"

गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "भावाला सांग, सोजतचा एक केस न्हाय याच्यात. आठ आने गावठी, चार आने सिरोही, चार आने जमनापारी. मिक्स. तुझा हाय तो. ईदला कुनी मागितला तर त्याला माझ्याकडं पाठव." ती थांबली. "पन दुपारी दोनपर्यंत इथं राहू दे. तू आत जा, उन्नती जेवायला वाढंल."

"तो एकटा राहत नाही आजी."

"एकटा न्हाय तो."

बाहेर ढग खाली आले होते. पाऊस नव्हता, वारा नव्हता. गुणाबाईनं बाराव्या खुंट्याची नवी दोरी मखाण्याच्या गळ्यात अडकवली. त्यानं मान पुढं केली, सवय असल्यासारखी.

एक वाजता गोडाऊनच्या गेटवरची ड्युटी सुटली आणि तुळशीराम आला. रखवालदाराचा निळा शर्ट, बगलेत छत्री. खुर्ची उचलली, फिरवली, पत्र्याच्या भिंतीकडं तोंड करून बसला. उन्नतीनं चहा दिला आणि काही न बोलता आत गेली. गुणाबाई त्याच्या मागं, गोठ्याच्या दारात.

"उद्या गटारी," तुळशीराम म्हणाला. "जानकी इचारत व्हती, मटन तुमच्याकडं पाठवू का?"

"या घरात चौदा वर्षं गटारी न्हाय. ठावं हाय तुला."

"इचारायचं म्हून इचारलं."

मागं मखाणा ओरडला. अर्धा वर. काहीच नाही. मग उरलेला अर्धा.

तुळशीरामानं अर्धा कप तसाच ओट्यावर ठेवला आणि उठायला लागला.

"बस."

"वैनी, मना काम..."

"बस म्हनलं. वळू नको. तुझ्या सवयीनंच बस, भिंतीकडं तोंड करून. फक्त कान दे. तू बी याच गोठ्यात वाढलास, चार जाती तुला बी कळतात. मागं कोन हाय?"

"करडू हाय कुनाचं तरी."

"जात सांग."

तुळशीरामाच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते, ते आता घामानं चिकटले होते. पलीकडं गोडाऊनच्या मागं पाणी भरत होतं. ते दिसत नव्हतं, पण पत्र्याच्या तळाला सळसळ सुरू झाली होती. अकरा शेळ्या उठल्या. बारावाही उठला.

आणि समोरच्या पत्र्यामागून ओ आली. अर्धी वर. मधे काहीच नाही. मग उरलेली अर्धी.

मखाण्यानं उत्तर दिलं. पत्र्यामागून पुन्हा आली, आता जवळून, घाईनं. दोघांच्या मधोमध तुळशीराम खुर्चीत बसला होता आणि त्यानं कानांवर हात ठेवले नाहीत. गुणाबाईला तेच विचित्र वाटलं. नव्यानं ऐकणारा माणूस दचकतो. हा दचकला नव्हता.

"तू ऐकतोस हे," ती म्हणाली. "आधीपासनं."

"पयल्या उधानापासनं." त्याचा आवाज खरखरला. "तुला वाटायचं घाऱ्या हाय. तू शिव्या घालायचीस, मी ऐकायचो. मना म्हाईत व्हतं, घाऱ्या तर तिकडं गच्चीवर बांधलाय. मना पयल्या दिवसापासनं म्हाईत व्हतं, वैनी, कोन हाक मारतंय ते."

"नि तरी रोज येऊन बसलास."

"न्हाय आलो तर तो माझ्या घराकडं येईल असं वाटायचं."

गुणाबाई त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला भिंतीच्या जागी माणूस दिसला.

"बांधाकडं कशाला पाठवलास त्याला?"

"टेम्पो सडकेनं गेला व्हता. सडकेला कुनी तरी सांगितलं असतं, गोणपाटात शिंगं दिसली म्हून. म्हून उलटी वाट दाखवली." तो रडत नव्हता. एकेक शब्द ओझं उतरवावं तसा खाली ठेवत होता. "मना वाटलं तासभर हिंडंल, दमंल, नि घरी येईल. मना काय ठावं, परत का आला न्हाय तो. भुकेला व्हता, मी त्याला म्हनलं पन, आधी जेव जा. तर म्हनला, घरात घेनार न्हाईत."

हे गुणाबाईला ठाऊक नव्हतं. पत्र्यामागची हाक थांबली होती, पण गेली नव्हती. कुणी तरी दाराशी उभं राहून आतलं बोलणं ऐकावं तसं ते थांबणं होतं.

"मना हाकलून दे, वैनी," तुळशीराम म्हणाला. "गावापुढं सांग. पंचाला बोलाव. मी न्हाय म्हननार न्हाय."

आत अफीफाच्या बोलण्याचा आवाज येत होता. मखाणा दोरी ताणून पत्र्याकडं बघत होता, घारा डोळा उघडा. गुणाबाईनं वाकून ओट्यावरचा गार चहा उचलला आणि अंगणात ओतून दिला. मग तुळशीरामाची खुर्ची, तो बसलेला असतानाच, दोन्ही हातांनी धरली आणि खरखरत गोठ्याकडं वळवली. साठीतला माणूस लहान मुलासारखा खुर्चीबरोबर वळला.

"बोकड चोरलास ते मी आठ दिवसांत विसरले असते," ती मोठ्यानं म्हणाली, पत्र्यापर्यंत जाईल इतकं मोठ्यानं. "मुकादमीला हपापलास, तीबी मिळाली. उंबरा त्याला मी बंद केला. ते पाप माझं हाय, ते मी कुनाला वाटून देनार न्हाय. आज जेवताना त्याचं पान मी मांडनार नि दार सताड उघडं ठेवनार. पन वाट तू दाखवलीस. हाकलून देऊ म्हनतोस? तेवढ्यावर सुटायचं हाय तुला? न्हाय, तुळशीराम. ती पोरगी आता तिचा बोकड घेऊन जाईल नि यो खुंटा परत रिकामा व्हईल. तू उद्यापासनं रोज चहाला यायचंस, नि या खुंट्याकडं तोंड करून बसायचंस. आनि उधानाला त्याची हाक आली का मी उठनार न्हाय. तू उठायचंस, त्या पत्र्यापाशी जायचंस, नि मोठ्यानं सांगायचंस त्याला: दामू, बोकड पान्यात न्हाय, मी खोटं बोललो, घरी ये."